एपी बीसीत ५ आलेत, मग कॉलेजात कॅल्क्युलस कुठून सुरू करायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात माझ्या शब्दांत लिहितो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. मुलीने इलेव्हन्थ ग्रेडला एपी कॅल्क्युलस बीसी दिली (एपी म्हणजे हायस्कूलमध्येच द्यायची कॉलेजच्या पातळीची परीक्षा, स्कोअर १ ते ५, आणि बीसीत कॉलेजच्या कॅल्क १ आणि २ चा बहुतेक भाग येतो), ५ आले. ट्वेल्थला तिने एपी स्टॅट्स घेतलं, म्हणजे वर्षभर कॅल्क्युलसला हात लागलेला नाही. आता रटगर्सला, म्हणजे न्यू जर्सीच्या स्टेट युनिव्हर्सिटीत, इंजिनीअरिंगला चाललीये, मेकॅनिकल की कॉम्प्युटर ते अजून ठरत नाहीये. ती म्हणते मी सरळ कॅल्क ३, म्हणजे कॉलेजचा तिसरा कॅल्क्युलस कोर्स, घेणार, तिचे बाबा म्हणतात कॅल्क १ पासून परत कर, पाया पक्का होईल आणि पहिल्याच सेमला फुकटचा ए मिळेल, आणि तुमच्या ओळखीतला एक मुलगा असाच कॅल्क ३ ला बसून आपटला म्हणून तुमच्या पोटात गोळा आलाय. अ‍ॅडव्हायझरला विचारलं तर तो म्हणाला की दोन्ही चालेल, तुमची मर्जी.

मी इथल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत एकोणीस वर्षं फर्स्ट इयरच्या पोरांना मॅथ शिकवतोय आणि उन्हाळ्यात ओरिएंटेशनला प्लेसमेंटच्या, म्हणजे कुणी कुठल्या कोर्सपासून सुरू करायचं ते सांगायच्या, टेबलावर बसायची पाळी पण माझ्यावर दर वर्षी येतेच, त्यामुळे हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकलाय. बाबांचं मत, मुलीचं मत आणि मध्ये आई, हा सीन पण नवा नाही.

पहिलं म्हणजे कॅल्क १ परत नको. अजिबात नको. बहुतेक ठिकाणी ज्या कोर्सचं एपी क्रेडिट आहे तोच कोर्स परत घेतला की ते क्रेडिट जातं, म्हणजे तिने मे महिन्यात घाम गाळून मिळवलेले चार क्रेडिट तुम्ही स्वतःच्या हाताने पुसणार आणि वर त्याच गोष्टीची फी भरणार. आणि तो फुकटचा ए पण फुकट नसतो हो. माझ्या वर्गात दर वर्षी असे चार-पाच जण असतात. पहिले तीन आठवडे मागच्या रांगेत बसून फोन बघतात कारण लिमिट-डेरिव्हेटिव्ह सगळं येतंय, मग हळूहळू यायचंच बंद होतात, होमवर्क शेवटच्या रात्री, आणि मिडटर्मला बी मायनस. का तर कॉलेजचा पेपर एपीसारखा नसतो, कॅल्क्युलेटर काढून घेतलेला असतो, आणि मधल्या काळात जी नवी मुलं खरंच शिकत होती ती पुढे निघून गेलेली असतात. अभ्यास न करायची सवय पहिल्या सेमला लागली की ती फक्त मॅथपुरती राहत नाही, केमिस्ट्रीत पण जाते. तेव्हा बाबांना माझ्यातर्फे सांगा, पाया पक्का करायचा हेतू चांगला आहे पण घर बांधून झाल्यावर जोतं उकरायला कोणी जात नाही.

मग राहिलं कॅल्क २ की ३. इथे खरा विचार करायचाय, आणि तो त्या ५ वरून करायचा नाहीये.

५ म्हणजे काय ते आधी बघा. बीसीचा पेपर पंचेचाळीस एमसीक्यू आणि सहा मोठे प्रश्न असा असतो, सगळं मिळून १०८ पॉइंट्स धरतात, आणि ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने जुने जे पेपर गुणतक्त्यासकट बाहेर दिलेत त्यात ५ साठी साधारण सत्तरच्या आसपास पॉइंट पुरायचे. म्हणजे तिसरा हिस्सा पेपर चुकूनही ५ येतो. आपल्या डोक्यात बोर्डाची टक्केवारी बसलेली असते त्यामुळे "५ पैकी ५" ऐकलं की आपल्याला शंभरपैकी शंभर वाटतं, तसं ते नाही. बीसी देणाऱ्यांतले चाळीस टक्क्यांच्या वर ५ घेऊन येतात. वाईट आहे असं म्हणत नाही, बीसी चांगली परीक्षा आहे, टेलर सिरीजपर्यंत जाते, एररचा अंदाज बांधायला लावते. पण १०० पॉइंटवालं पोरगं आणि ७२ पॉइंटवालं पोरगं दोघांच्या कागदावर एकच आकडा दिसतो आणि तुमची मुलगी त्यातली कुठली हे ना अ‍ॅडव्हायझरला माहिती ना मला.

शिवाय काही गोष्टी बीसीच्या सिलॅबसमध्येच नाहीत. ट्रिग सबस्टिट्यूशन नाही, साइन-कोसाइनच्या घातांची इंटिग्रल्स नाहीत, व्हॉल्यूम काढायची शेल मेथड नाही. चांगला टीचर असेल तर मेमधली परीक्षा झाल्यावर उरलेल्या दिवसांत हे शिकवतो, पण परीक्षा झाल्यावर वर्गात किती लक्ष असतं ते आपल्याला माहितीच आहे. कॉलेजच्या कॅल्क २ मध्ये हे बहुतेक ठिकाणी असतं आणि कॅल्क ३ चा प्रोफेसर धरून चालतो की तुम्हाला ते येतं.

एक जरा बाजूचं सांगतो कारण तुम्ही दोघंही पुण्याचे इंजिनीअर दिसताय. कॅल्क ३ म्हटलं की आपल्या पिढीला लगेच इंजिनीअरिंगच्या मॅथ्सचा तिसरा पेपर, एम-थ्री, आठवतं, ते लाप्लास, ती केटी, ते टेन्शन. कॅल्क ३ म्हणजे आपलं एम-थ्री नाही. पार्शल डेरिव्हेटिव्ह, डबल-ट्रिपल इंटिग्रल, जे आपण एम-वन एम-टूत केलं ते यात येतं, आणि शेवटी व्हेक्टर कॅल्क्युलस, ग्रीन, स्टोक्स वगैरे, तेवढंच काय ते एम-थ्रीतलं. लाप्लास इथे डिफरन्शियल इक्वेशन्सच्या कोर्समध्ये जातं. त्यामुळे नावाला घाबरू नका. ओळखीतला तो मुलगा आपटला तो बहुतेक कॅल्क ३ अवघड म्हणून नाही आपटला.

कशावर आपटतात ते सांगतो, हे मी दर ऑक्टोबरला ऑफिस अवर्समध्ये बघतो. एक मुलगा आला होता, बीसी ५, हुशार. प्रश्न होता एक त्रिज्येच्या वर्तुळाकार भागावर वाय-स्क्वेअरचं डबल इंटिग्रल काढा. त्याने पोलरमध्ये नेलं, वाय म्हणजे आर साइन थीटा, क्षेत्रफळाच्या तुकड्यात जो जास्तीचा आर येतो, जो निम्मा वर्ग विसरतो, तो पण बरोबर लिहिला. आर-क्यूबचं शून्य ते एक इंटिग्रल, एक चतुर्थांश, बरोबर. मग राहिलं साइन स्क्वेअर थीटाचं शून्य ते टू पाय. तिथे त्याने लिहिलं साइन क्यूब थीटा भागिले तीन. दोन्ही टोकांना साइन शून्य, म्हणून उत्तर शून्य. मी म्हटलं, अरे वाय-स्क्वेअर कधी निगेटिव्ह होतो का? नाही. मग सगळ्या पॉझिटिव्ह तुकड्यांची बेरीज शून्य कशी झाली? तो कागदाकडे बघतच राहिला. कोसाइन टू थीटाचा फॉर्म्युला वापरून साइन स्क्वेअर म्हणजे एक वजा कोसाइन टू थीटा, भागिले दोन, एवढं केलं की त्याचं इंटिग्रल पाय येतं आणि उत्तर पाय बाय फोर. म्हणजे बघा, त्या प्रश्नात कॅल्क ३ चं जे होतं ते सगळं त्याला आलं, पडला तो कॅल्क २ च्या एका ओळीवर, खरं तर प्रीकॅल्कच्या ट्रिगवर. आणि हे एकदा नाही, ऑक्टोबर ते डिसेंबर प्रत्येक आठवड्याला तेच होत राहतं, नवीन कल्पना समजते पण हात जुन्या गोष्टीत अडकतो, आणि पन्नास मिनिटांच्या मिडटर्मला हात अडकला की संपलं.

आता इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. लोक सल्ला देतात की वरच्या कोर्सला बसायचं, पहिला आठवडा बघायचं, जड गेलं तर खाली यायचं. ऐकायला शहाणपणाचा वाटतो, मीही सुरुवातीची काही वर्षं हेच सांगायचो. पण कॅल्क ३ ला हा सल्ला चालत नाही. कारण कॅल्क ३ चे पहिले दोन-तीन आठवडे नुसते व्हेक्टर असतात, डॉट प्रॉडक्ट, क्रॉस प्रॉडक्ट, प्रतलाचं समीकरण, त्यात कॅल्क २ चा एक थेंब लागत नाही. पोरं खुश, घरी फोन करून सांगतात की आई एकदम सोप्पं आहे. अ‍ॅड-ड्रॉपची मुदत असते पहिला आठवडा, फार तर दोन. खरा डोंगर येतो डबल इंटिग्रलला, तोवर ऑक्टोबर उजाडलेला असतो आणि खाली उतरायचा दरवाजा बंद झालेला असतो, मग ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू (कोर्स मध्येच सोडल्याची खूण) घ्या नाहीतर सी घ्या. तेव्हा पहिल्या आठवड्यात कसं वाटलं यावर काही ठरवू नका, ते घरीच ठरवा, आत्ता, ऑगस्टमध्ये.

कसं ठरवायचं? एखाद्या युनिव्हर्सिटीच्या कॅल्क २ ची जुनी फायनल घ्या. बऱ्याच मॅथ डिपार्टमेंट जुने पेपर वेबसाइटवर ठेवतात, रटगर्सच्या कॅल्क २ चे, म्हणजे १५२ चे, मिळाले तर तेच उत्तम, नाहीतर एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर १८.०१ चे (तिथला पहिला कॅल्क्युलस कोर्स, त्यात कॅल्क १ आणि २ दोन्ही येतात) पेपर उत्तरांसकट फुकट आहेत. आधी एक आठवडा तिला तिच्या बीसीच्या वह्या चाळू द्या, वर्षभराची धूळ आहे, ती झटकायला संधी मिळाली पाहिजे, गार डोक्याने थेट पेपर दिला तर उगीच वाईट मार्क पडतील आणि घाबरेल. मग एका सकाळी डायनिंग टेबलवर तीन तास, फोन दुसऱ्या खोलीत, कॅल्क्युलेटर नाही. तपासायचं तिनेच. बाबांना त्या दिवशी कॉस्टकोला पाठवा.

मार्क किती पडले यापेक्षा कुठे गेले ते बघायचं. सिरीजचे प्रश्न गेले असतील, कन्व्हर्जन्सच्या टेस्ट विसरली असेल, तर कॅल्क ३ ला काही बिघडत नाही. ऐकून आश्चर्य वाटेल पण कॅल्क ३ मध्ये सिरीज जवळजवळ येतच नाहीत, त्या पुढे डिफरन्शियल इक्वेशन्सला लागतील, तेव्हा एका वीकेंडला परत बघता येतात. इंटिग्रेशन बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन, ट्रिगच्या आयडेंटिटी, पोलर आणि पॅरामेट्रिक, हे गेलं असेल तर मात्र तीन-चार आठवडे रोज तासभर बसावं लागेल, आणि ती बसणार आहे का हे प्रामाणिकपणे तिलाच विचारा. आणि तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, तो म्हणजे चेन रूल आणि फंडामेंटल थिअरम हलले असतील तर. एक छोटा प्रश्न देतो, तो नक्की विचारा: शून्यापासून एक्स-स्क्वेअरपर्यंत कोसाइन ऑफ टी-स्क्वेअरचं इंटिग्रल घेतलं, तर त्याचं एक्सच्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह काय? उत्तर टू एक्स गुणिले कोसाइन ऑफ एक्सचा चौथा घात. टू एक्स विसरली तर हसून सोडून देऊ नका, कॅल्क ३ मधला चेन रूल म्हणजे हाच, फक्त चार फांद्या फुटलेला. आणि "कोसाइन टी-स्क्वेअरचं इंटिग्रल मला येत नाही" म्हणून अडली तर मग तिला थिअरम पाठ होता, कळला नव्हता.

माझा स्वतःचा ढोबळ हिशोब असा की त्या पेपरात सत्तर टक्क्यांच्या वर आले तर बिनधास्त कॅल्क ३. पन्नास ते सत्तर असेल तर ऑगस्टभर तयारी, मग दुसरा पेपर, मग निर्णय. पन्नासच्या खाली असेल तर कॅल्क २ घ्यावं आणि त्यात कमीपणा काही नाही. कॅल्क १ चं क्रेडिट तरीही राहतं, फक्त २ चं जातं, आणि बीसी करून आलेल्या मुलीला कॅल्क २ मध्ये नवीन शिकायला खरंच बरंच असतं, कॅल्क १ सारखं ते रिकामं दळण नाही. मिशिगन युनिव्हर्सिटीत तर १५६ नंबरचा ऑनर्स कॅल्क २ खास अशाच मुलांसाठी ठेवलाय, एपी क्रेडिट घेऊन आलेल्या पण तोच भाग जास्त खोलात करायचा असलेल्यांसाठी. म्हणजे तिथल्या मॅथवाल्यांनाही हेच वाटतं की ५ आले म्हणजे कॅल्क २ संपलं असं नाही.

आता रटगर्सचं म्हणून बोलू. तिथे बीसीच्या ४ किंवा ५ ला १५१ आणि १५२ दोन्हींचं क्रेडिट मिळतं, म्हणजे कॅल्क १ आणि २, आणि पुढचा कॅल्क ३ म्हणजे २५१. तुम्ही "कॉम्प्युटर" लिहिलंय ते नक्की कुठलं ते मुलीकडून काढून घ्या कारण गल्लत इथेच होते. कॉम्प्युटर इंजिनीअरिंग हे इंजिनीअरिंग स्कूलमध्ये आहे, कॉम्प्युटर सायन्स मात्र आर्ट्स अँड सायन्सेसमध्ये. इंजिनीअरिंगमध्ये राहिली, मेकॅनिकल घेतलं काय किंवा कॉम्प्युटर इंजिनीअरिंग घेतलं काय, २५१ आणि मग डिफरन्शियल इक्वेशन्सचं २४४ दोन्ही लागणारच. कॉम्प्युटर सायन्सला गेली तर १५१, १५२ आणि २५० म्हणजे लिनियर अल्जिब्रा, २५१ सक्तीचं नाही. म्हणजे ज्याच्यावरून घरात महिनाभर भांडण चाललंय तो कोर्स कदाचित तिला घ्यायचाच नसेल!

आणि हा लिनियर अल्जिब्राचा रस्ता कोणी फारसा सांगत नाही. वर्षभर कॅल्क्युलस सुटलेल्या मुलीला पहिल्या सेमला लिनियर अल्जिब्रा हा फार छान उपाय असतो, कारण त्यात इंटिग्रल जवळजवळ नाहीतच. मॅट्रिक्स, समीकरणांचे संच, आयगेनव्हॅल्यू, सगळे नव्याने सुरू करतात, त्यामुळे जुनी धूळ आड येत नाही, कॉलेजच्या पेपरची सवय होते आणि कॅल्क ३ स्प्रिंगला, म्हणजे जानेवारीच्या सेमला, घेता येतं. जॉर्जिया टेकला तर लिनियर अल्जिब्रा फर्स्ट इयरलाच करायला लावतात. अडचण एकच, इंजिनीअरिंगच्या काही कोर्सेसची साखळी कॅल्क ३ वर लटकलेली असते, तेव्हा चार वर्षांचा प्लॅन समोर ठेवून अ‍ॅडव्हायझरला नेमकं विचारा की २५१ स्प्रिंगला गेलं तर सोफोमोर (दुसऱ्या) वर्षी काय अडेल. "दोन्ही चालेल" हे उत्तर घेऊन उठू नका.

बाकी कॉलेजांचे नियम वेगळे, म्हणून धाकट्या भावंडांसाठी हेच उत्तर वापरू नका. एमआयटी बीसीच्या ५ ला १८.०१ माफ करते आणि १८.०२ पासून, म्हणजे तिथल्या कॅल्क ३ पासून, बसवते. कॅलटेक एपीचं क्रेडिटच देत नाही, बहुतेकांना पहिलं मॅथ तिथलंच आणि तेही प्रूफवालं. काही ठिकाणी एलेक्सची ऑनलाइन प्लेसमेंट टेस्ट देतात, त्याचा स्कोअर बघून पालक खुश होतात किंवा रडतात, पण ती टेस्ट प्रीकॅल्कपर्यंतच जाते, कॅल्क २ येतं का हे तिला कळतच नाही. मेडिकलचा विचार असलेल्यांसाठी वेगळंच, काही मेडिकल स्कूल एपीच्या क्रेडिटला मॅथ म्हणून धरत नाहीत, तेव्हा त्यांनी कॉलेजात एखादा तरी मॅथ किंवा स्टॅट्सचा कोर्स ग्रेडसकट घेतलेला बरा, आणि तो कॅल्क ३ असायलाच हवा असं नाही.

मुलीला मॅथ खरंच आवडत असेल, म्हणजे उत्तर आल्यावर पण "पण हे असं का" म्हणून बसत असेल, तर रटगर्सचं ऑनर्सचं कॅल्क ३, म्हणजे २९१, विचारून बघा. तिथे मार्कांपेक्षा तिची हौस बघावी लागेल, आणि त्याला वरचा पेपर ऐंशीच्या पुढे गेल्याशिवाय मी तरी हो म्हणणार नाही.

एक ऑफिसचं काम राहिलं आणि ते आजच करा. तिने बीसी इलेव्हन्थला दिली, तेव्हा कॉलेज ठरलेलं नव्हतं, म्हणजे तो स्कोअर रटगर्सला गेलाच नसेल अशी दाट शक्यता आहे. जूनच्या २० तारखेपर्यंत एका कॉलेजला फुकट पाठवता येतो, ते हुकलं असेल तर पंधरा डॉलर भरून पाठवा. यंदा स्टॅट्सचा स्कोअर पाठवला असेल तर बीसीचाही त्यात गेला असेल, कारण रिपोर्टमध्ये आधीचे स्कोअर पण जातात, पण गृहीत धरू नका, तिच्या रटगर्सच्या अकाउंटवर १५१-१५२ दिसतंय का ते डोळ्यांनी बघा. तिथे दिसत नसेल तर सिस्टम तिला २५१ ला बसूच देणार नाही, २५० लाही नाही, आणि ऑगस्टच्या शेवटी सकाळी दहाचे सेक्शन सगळे भरलेले असतात, मग उरतं ते रात्री आठचं दुसऱ्या कॅम्पसवरचं आणि त्या बसच्या रांगेत उभं राहायला लागलं की ती मला शिव्या घालेल.

पेपर दिला की मला नुसते मार्क नका कळवू, कुठले प्रश्न चुकले त्याचा फोटो टाका, मग पुढचं बघू.